बाजारातली हिब्रू

पनवेलचे ‘बेथ एल’ हे १८४९ सालचे सिनेगॉग नवी मुंबईतील आपल्यापैकी अनेकांनी निदान बाहेरून पाहिले असेल. ते बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनास्थान. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी शब्बाथ पाळून काम बंद ठेवणारे हे लोक कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. पेणकर, रोहेकर, नवगावकर ही त्यांची आडनावे आजही त्यांच्या गावांची ओळख सांगतात. घरात मराठी आणि प्रार्थनेत हिब्रू अशी त्यांची रीत होती.

१९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. प्रार्थनेतील हिब्रू भाजी आणायला पुरत नाही. नव्याने आलेल्यांना व्यवहाराची भाषा शिकविण्यासाठी तेथे ‘उल्पान’ नावाचे वर्ग असतात. पहिला वर्ग १९४९ साली जेरुसलेममध्ये निघाला.

मराठी माणसाची फजिती बटाट्यापासून सुरू होते. हिब्रूत ‘बटाटा’ म्हणजे रताळे! आपल्या बटाट्याला तेथे ‘तापूआख अदामा’, म्हणजे जमिनीचे सफरचंद म्हणतात. गाजर ‘गेझेर’, कोबी ‘क्रूव’, भेंडी ‘बाम्या’. टोमॅटोचे ‘अग्वानिया’ हे नाव प्रेम व वासना या अर्थाच्या धातूवरून घडविलेले असल्याने आधुनिक हिब्रूचे प्रणेते एलिएझर बेन येहुदा यांना ते रुचले नव्हते. लोकांनी मात्र तेच स्वीकारले. एका बाबतीत मराठी भाषिक इतरांपेक्षा सुदैवी ठरतो. कांद्याचे ‘बात्साल’ आणि वांग्याचे ‘खात्सिल’ यांतील ‘त्स’ हा उच्चार आपल्या ‘चमचा’मधील ‘च’सारखाच आहे, तो त्याला शिकावा लागत नाही.

जुन्या करारातील गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात रानात मान्ना खाऊन कंटाळलेले इस्राएली लोक मिसरातील मासे आणि पाच पदार्थ आठवून रडतात. त्या पाचांपैकी कांदा (बात्साल) आणि लसूण (शूम) यांची नावे आजही तीच आहेत. ‘अवात्तीआख’ हा आज कलिंगडासाठीचा शब्द आहे. उरलेल्या दोन शब्दांनी मात्र अर्थ बदलला आहे. ‘किशू’ हे बहुधा काकडीसारखे कच्चे खाण्याचे एक खरबूज असावे. आजच्या बाजारात ‘किशू’ मागितल्यास झुकिनी मिळते, आणि झुकिनीचे मूळ कूळ तर अमेरिका खंडातील, म्हणजे मोशेच्या काळी ती मिसरात असणे शक्यच नाही. काकडी हवी असल्यास ‘मेलाफेफोन’ म्हणावे लागते, आणि हाच शब्द मिश्ना या प्राचीन यहुदी ग्रंथात खरबुजासाठी आहे! पाचवा शब्द ‘खात्सिर’. या वचनात त्याचा अर्थ कांद्याच्या पातीच्या जातीची लीक ही भाजी असा घेतात. आजच्या हिब्रूत खात्सिर म्हणजे जनावरांचा सुका चारा. केवळ बाजारात हिब्रू शिकलेल्या माणसाने हे वचन वाचले, तर आपले पूर्वज रानात वैरणीसाठी रडत होते, असेच त्याला वाटायचे.