शाळेतील भोजन आणि दारिद्र्याचे मोजमाप

एखाद्या शाळेत गरीब घरांतील मुले किती, हे कसे ओळखावे? प्रत्येक पालकाच्या मिळकतीची स्वतंत्र चौकशी करणे शाळेला शक्य नसते. अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर कित्येक दशके शालेय भोजनाच्या नोंदींत शोधले गेले.

तेथे १९४६ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या स्वाक्षरीने राष्ट्रीय शालेय भोजन कायदा अमलात आला. पुढे ठरलेल्या नियमांनुसार, ज्या कुटुंबाचे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल त्याच्या मुलांना भोजन विनामूल्य मिळते. १३० ते १८५ टक्के असेल तर सवलतीच्या दरात, म्हणजे फार तर ४० सेंटांना. ही दारिद्र्यरेषादेखील मुळात अन्नावरूनच आखलेली आहे. १९६० नंतरच्या दशकात मॉली ऑर्शान्स्की यांनी काटकसरीच्या आहाराचा खर्च तिप्पट करून ती सुचविली.

या मुलांची संख्या दरवर्षी आयतीच हाती येई. त्यामुळे तिलाच गरिबीचा निर्देशक मानण्याचा प्रघात पडला. शाळांच्या निकालांची तुलना आणि अनुदानाची वाटणी तिच्या आधारे होऊ लागली.

परंतु या मापात दोष होते. घरात जवळजवळ काहीच मिळकत नसलेले मूल आणि दारिद्र्यरेषेच्या बरेच वर असलेले मूल एकाच गणनेत येत. शिवाय अनेक मुलांची नोंद पालकांनी अर्ज भरला तरच होई. वरच्या वर्गांतील मुले संकोचामुळे ही सवलत टाळीत. म्हणून माध्यमिक शाळांतील गरिबी प्रत्यक्षाहून कमी दिसे.

२०१० च्या कायद्याने गरीब वस्तीतील शाळांना सर्वच मुलांना विनामूल्य भोजन देण्याची मुभा दिली. तेथे अर्जाची आवश्यकता उरली नाही. मुलांची ताटे भरली, संकोच मिटला. मात्र मिळकतीची माहिती देणारा कागदही नाहीसा झाला. २०२२ पासून कॅलिफोर्निया आणि मेन या राज्यांनी ही सोय सर्व सार्वजनिक शाळांना लागू केली. सर्वांनाच मिळणाऱ्या भोजनावरून गरीब कोण, हे कसे कळणार?

म्हणून अनेक राज्ये आता सरकारी अन्नसाहाय्य घेणाऱ्या कुटुंबांच्या याद्यांवरून मुले मोजतात. परंतु भीतीपोटी किंवा नियमांच्या अडसरामुळे जी कुटुंबे असे साहाय्य घेत नाहीत, त्यांची मुले या यादीतूनही निसटतात. अशा मुलाला शाळेत जेवण मिळते. पण गणनेत ते नसल्याने त्याच्या शिक्षणासाठी शाळेला मिळू शकणारा जादा निधी मात्र येत नाही.