तुमच्या शब्दावर आलेले पैसे

एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमधल्या बेडफर्डशर परगण्यात, घराच्या अंगणात, नव्व्याण्णव वर्षांचे टॉम मूर वॉकर धरून चालायला लागले. दुसऱ्या महायुद्धात लष्करात कॅप्टन असलेले हे गृहस्थ; त्या काळात ते काही दिवस मुंबईतही होते. ३० एप्रिलला त्यांची शंभरी भरणार होती. तोवर अंगणात शंभर फेऱ्या मारायच्या, त्यानिमित्ताने हजार पौंड जमवायचे आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला हातभार लावणाऱ्या धर्मादाय संस्थांना द्यायचे, एवढाच बेत होता. खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आणि त्वचेच्या कर्करोगातही याच सेवेतल्या माणसांनी त्यांची शुश्रूषा केली होती. समाजमाध्यमांवर ही बातमी पसरली आणि वाढदिवसापर्यंत रक्कम ३ कोटी २० लाख पौंडांच्या वर गेली. देणाऱ्यांची संख्या पंधरा लाखांहून जास्त होती. टपालाने आलेली शुभेच्छापत्रं मांडायला नातवाच्या शाळेचं सभागृह लागलं.

ही गोष्ट आपल्याकडेही खूप वाचली गेली. तिचा पुढचा भाग मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षी मूर यांच्या नावाने कुटुंबाने एक वेगळी संस्था काढली. फेब्रुवारी २०२१ मध्ये मूर वारले. ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने २०२२ मध्ये या संस्थेची चौकशी सुरू केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहवाल आला. मुलगी आणि जावयाने संस्थेच्या नावाचा स्वतःसाठी वारंवार फायदा घेतल्याचा ठपका त्यात होता. मूर यांच्या पुस्तकाच्या विक्रीतून संस्थेला मदत होईल अशी लोकांची समजूत करून दिली गेली होती. प्रत्यक्षात प्रकाशनाच्या करारातले दहा लाखांहून जास्त पौंड कुटुंबाच्या कंपनीकडे गेले. शंभर फेऱ्यांमधून जमलेले पैसे या चौकशीचा विषय नव्हते. ते आधीपासून काम करणाऱ्या संस्थेकडे थेट गेले होते.

माणूस तोच, लोकांचा जिव्हाळाही तोच. पहिल्या वेळी पैसे कुटुंबाच्या हातातून गेले नाहीत, काम ठरलेलं होतं आणि शेवटची तारीखही ठरलेली होती. दुसऱ्या वेळी यातलं काहीच नव्हतं. म्हाताऱ्या माणसाच्या चांगुलपणाला त्याच्यामागे असा डाग लागावा, याचं मला फार वाईट वाटतं.

मूर यांच्याप्रमाणे घरातल्या प्रसंगाला दानाची जोड देणं आपल्याला नवं नाही. साठी, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन, बाळाचं बारसं, वडिलांचं वर्षश्राद्ध, यातल्या कशाच्याही निमित्ताने अन्नदान व्हायचं, शाळेला देणगी जायची. लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ कित्येक वर्षं छापली जाते आहे. आता ती ओळ ‘त्याऐवजी देणगी द्या’ अशी होऊन व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर आली आणि तिला क्यूआर कोड जोडला गेला. हे चांगलंच झालं. पूर्वी मांडवातल्या दोनशे माणसांपर्यंत पोहोचणारी गोष्ट आज दोन हजारांपर्यंत जाते. पण मांडवातली माणसं तुम्हाला आणि त्या संस्थेलाही ओळखत असत. आज तुमच्या भाच्याच्या ऑफिसातली मुलगी दोनशे रुपये पाठवते ती केवळ भाच्याच्या भरवशावर. संस्थेचं नाव तिने पहिल्यांदाच वाचलेलं असतं. म्हणून संस्थेची खातरजमा करायची आणि हिशेब द्यायचा, ही दोन्ही कामं आवाहन करणाऱ्याची आहेत.

पैसे स्वतःच्या खात्यात गोळा करून मग एकरकमी देऊ, असा विचार सोयीचा वाटतो. तो टाळावा. पावती तुमच्या एकट्याच्या नावाने निघते, बाकीच्यांना आयकरात देणगीची वजावट मिळत नाही, आणि उद्या कोणी विचारलं तर तुमच्याकडे सांगण्यासारखं फक्त बँकेचं पासबुक उरतं. गणपतीची वर्गणी गोळा करायलासुद्धा आपल्याकडे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, हेही लक्षात असू द्या. संस्थेचाच खाते क्रमांक द्या, तोही संस्थेकडून फोनवर पडताळून. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर झाला आणि लगेच त्याच्या खऱ्या यूपीआय पत्त्यातलं शेवटचं ‘एस’ अक्षर गाळून बनावट पत्ता फिरवला गेला. फॉरवर्ड होऊन आलेला क्यूआर कोड म्हणूनच पुढे ढकलू नये.

परदेशात मुलं-नातवंडं असलेल्या घरांसाठी आणखी एक अडचण आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने तिथल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मुलीने दिलेली देणगी मात्र, तिच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी, परकीय ठरते. ती घ्यायला संस्थेकडे परकीय योगदान नियमन कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावे लागतात. आजोबांच्या पंचाहत्तरीला न्यू जर्सीहून आलेल्या पैशांमुळे एखाद्या गावातल्या छोट्या वसतिगृहाला कागदपत्रांचा ताप होऊ शकतो. आधी विचारलं तर तो टळतो.

आता फोटोंविषयी. मुलाचा वाढदिवस बालगृहात साजरा करायचा, केक कापायचा, तिथल्या मुलांसोबत फोटो काढून संध्याकाळी फेसबुकवर टाकायचे, हे सर्रास चालतं. करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७४व्या कलमाने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाचं छायाचित्र किंवा ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करण्यावर बंधन घातलं आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. त्या फोटोतला मुलगा दहा वर्षांनी कॉलेजात जाईल, नोकरी शोधेल. आपण कधीकाळी दुसऱ्याच्या वाढदिवसाचा केक हातात धरून उभे होतो, हे जगाला दाखवायचं की नाही, ते त्यालाच ठरवू द्यावं. फोटो टाकायचाच असेल तर संस्थेच्या इमारतीचा टाका, किंवा सरळ पावतीचा, वरचा पॅन क्रमांक झाकून.

आणि आवाहनावर तारीख घाला. ‘तातडीने रक्त हवं आहे’ असे विनातारखेचे संदेश महिनोन्‌महिने फिरत राहतात. पेशंट बरा होऊन घरी जातो, कधी दुर्दैवाने दगावतो, आणि नातेवाइकांचा फोन वाजत राहतो. आवाहन कधी संपणार हे लिहिलं, की ते थांबवताही येतं. संपल्यावर ज्या ग्रुपवर मागितलं त्याच ग्रुपवर सांगावं: इतके जमले, अमुक तारखेला पोहोचले, ही संस्थेची पावती. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे आभार आपण हौसेने मानतो. हिशेब देताना मात्र संकोच वाटतो, जणू कोणी संशय घेतला आहे. असा संकोच बाळगू नये. पुढच्या वेळी तीच माणसं पुन्हा देतील ती या चार ओळींमुळे.

या वर्षी तुमच्या घरी कोणाची साठी असेल, बारसं असेल, पहिला पगार असेल, तर आवाहन लिहिण्याआधी संस्थेला एक फोन करा आणि त्यांना काय हवं आहे ते विचारा. एकाच रविवारी तीन घरांतून केक येतात आणि वीजबिल थकलेलंच राहतं, असं होऊ देऊ नका. त्यांनी ‘मावशींचा दोन महिन्यांचा पगार’ असं सांगितलं, तर आवाहनातही तेच लिहा.