वापरलेल्या वायूचा जमाखर्च

वापरून झालेल्या वस्तूला मालक उरत नाही, हा व्यवहाराचा जुना अनुभव आहे. परंतु जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला जाणवत नाही आणि तांब्याच्या नळीला बारीकशी चीर पडताच साऱ्या पृथ्वीच्या सामाईक वातावरणात विलीन होऊन जाते, तिच्या बाबतीत ही बेवारशी अवस्था पूर्णत्वास पोहोचते. फ्रीज आणि एअर-कंडिशनर यांच्या पोटात फिरणारा शीतक वायू, ज्याला आपल्याकडचे मेकॅनिक नुसते ‘गॅस’ म्हणतात, तो या जातीचा आहे. अशा बेवारस वायूला वारस नेमून देणारी एक संस्था ऑस्ट्रेलियात 1993 पासून कार्यरत असून ‘रेफ्रिजरंट रीक्लेम ऑस्ट्रेलिया’ हे तिचे नाव आहे. नफा न कमावणारी ही संस्था आकाराने फार मोठी नाही; तिच्या घडणीत मनुष्यस्वभावाची जी पारख दिसते, तिच्यासाठी हा परिचय.

या वायूंचा पूर्वेतिहास मोठा उद्बोधक आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी वायू असत आणि गळती झाली तर घरातली माणसे दगावत. टॉमस मिजली या अमेरिकन रसायनज्ञाने 1930 साली आपला नवा वायू रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत स्वतःच्या छातीत भरून घेतला आणि त्याच उच्छ्वासाने मेणबत्ती विझवून दाखविली, तेव्हा तो विषारीही नाही आणि ज्वालाग्राहीही नाही, अशी एकाच फुंकरीत दोन्ही गोष्टींची ग्वाही मिळाली. निरुपद्रवी वस्तू जपून वापरण्याचे कष्ट कोण घेतो? दुरुस्तीच्या वेळी उरलेला गॅस हवेत सोडून देण्याचा शिरस्ता तेव्हापासून रूढ झाला. पुढे 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी या वायूंतील क्लोरीन ओझोनच्या थराचा नाश करील असे प्रतिपादन केले, 1985 मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची झीज जगासमोर आली आणि 1987 च्या सप्टेंबरात माँट्रियल करार झाला. त्यानंतर आलेल्या वायूंपैकी काहींनी ओझोन वाचविला, पण उष्णता अडवून धरण्याचा दुर्गुण बहुतेकांत राहिलाच. आर-22 चा एक किलो वातावरणात गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो सुमारे 1,800 किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. आर-410ए चा आकडा 2,000 च्याही पुढे आहे. माँट्रियल करारातील 2016 च्या किगाली दुरुस्तीने या नव्या पिढीलाही मर्यादा घातली खरी, परंतु या साऱ्या करारमदारांचा रोख उत्पादन आणि वापर कमी करण्यावर आहे. जो वायू आधीच तयार होऊन कोट्यवधी यंत्रांत जाऊन बसला आहे, त्याच्या अखेरच्या मुक्कामाचा बंदोबस्त ज्या त्या देशाने आपापला करावयाचा आहे.

आता हा बंदोबस्त प्रत्यक्षात ज्याच्या हातून व्हावयाचा, त्या कारागिराकडे पाहू. घर बदलताना स्प्लिट एसी काढावयाचा असेल तर कुशल मेकॅनिक यंत्र चालू ठेवून, बाहेरच्या युनिटच्या बारीक नळीची झडप अॅलन-कीने बंद करतो, काही क्षण घड्याळावर नजर ठेवतो, आणि सारा गॅस बाहेरच्या युनिटात ओढला गेला की जाड नळीची झडप आवळून यंत्र थांबवितो. याला तो ‘गॅस लॉक करणे’ म्हणतो, आणि या कामाला वेगळे यंत्र लागत नाही. पण कॉम्प्रेसर जळला असेल किंवा युनिट कायमचे मोडीत निघावयाचे असेल, तर ‘रिकव्हरी मशीन’ आणावे लागते. उचलून नेता येईल अशा या पेटीत स्वतःचा छोटा कॉम्प्रेसर, थंड करणारी नळ्यांची जाळी आणि पंखा असतो. ती जुन्या यंत्रातला वायू शोषून घेते, त्याचे द्रवात रूपांतर करते आणि वजनकाट्यावर ठेवलेल्या सिलिंडरात लोटते. सिलिंडर ऐंशी टक्क्यांपलीकडे भरावयाचा नाही, कारण ऊन लागून द्रव फुगला आणि त्याला जागा उरली नाही तर सिलिंडर फुटतो. एका जातीच्या वायूत दुसऱ्या जातीचा वायू मिसळावयाचा नाही, कारण अशी खिचडी झाल्यावर तिच्यातून शुद्ध माल निघणे दुष्कर होते. एवढे सोपस्कार करण्यात बराच वेळ जातो, ओझे जिना चढून न्यावे लागते, आणि हाती येतो तो तेलकट, आम्लयुक्त, कोणी विकत न घेणारा माल. उलट नळी कापली की काही मिनिटांत काम आटोपते. ग्राहक या दोहोंतील भेद जाणत नाही आणि जाणला तरी त्याचे पैसे देत नाही. अशा स्थितीत मेकॅनिकला दोष देणे हे मला कोत्या बुद्धीचे वाटते.

ऑस्ट्रेलियाच्या योजनेने नेमकी हीच गाठ सोडविली. त्या देशात हे वायू तयार होत नाहीत, सारा माल आयातीचा असतो. म्हणून आयातदाराने बंदरावर माल उतरवितानाच किलोमागे ठराविक आकार संस्थेकडे भरावा आणि अशा योजनेत सहभागी असल्याखेरीज त्याला आयातीचा परवाना मिळू नये, अशी तजवीज झाली. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले व्यापारी मिळून एकच आकार ठरवितात हे स्पर्धाविषयक कायद्यात बसेना, तेव्हा स्पर्धा आयोगाची रीतसर मंजुरी घेण्यात आली. गॅस हाताळणाऱ्या कारागिराला परवाना सक्तीचा आहे आणि वायू मुद्दाम हवेत सोडणे हा गुन्हा आहे. परंतु भिस्त केवळ शिक्षेच्या भयावर ठेवलेली नाही. ज्या घाऊक दुकानातून कारागीर नवा गॅस घेतो, तेथेच तो वापरलेल्या गॅसचा सिलिंडर जमा करतो आणि त्याला किलोच्या हिशेबाने मोबदला मिळतो. दुकानदारालाही त्याच्या मेहनतीचा वाटा मिळतो. अर्थात वायू देशात आला त्या दिवशीच त्याच्या अंत्यविधीचा खर्च जमेस पडलेला असतो.

जमा झालेला वायू तपासला जातो. शुद्ध करण्याजोगा असेल तर पुन्हा उपयोगात येतो. नसेल तर त्याचा नाश करतात, आणि हा नाशाचा विधी पाहण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियातच विकसित झालेल्या ‘प्लास्कॉन’ या यंत्रात आर्गॉन वायूतून विद्युत्-ज्योत निर्माण करून तिचे तापमान 10,000 अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात. त्या ज्योतीत सापडताच, वातावरणात वर्षानुवर्षे अभंग राहणारा रेणू क्षणाच्या सूक्ष्म अंशात मोडून पडतो. लगोलग त्याला अतिवेगाने थंड करतात, की विघटित अणूंनी पुन्हा एकत्र येऊन डायॉक्सिनसारखी घातक संयुगे घडवू नयेत. उरलेली आम्ले अल्कलीने शमविली की मागे मुख्यतः क्षार राहतात.

कारागिराला मिळणाऱ्या मोबदल्याचे माप मात्र फार जपून ठरवावे लागते. आर-22 तयार करताना एचएफसी-23 नावाचा, कार्बन डायऑक्साइडच्या 11,000 पटींहून अधिक तापदायक असा उपवायू निघतो. क्योतो करारान्वये तो नष्ट करणाऱ्या भारत-चीनमधील कारखान्यांना विकता येणारी कार्बन-पत्रे (कार्बन क्रेडिट) मिळू लागली, आणि नाशाचे मोल इतके वधारले की केवळ नाश करता यावा म्हणून उत्पादन वाढविले जात असल्याचा आक्षेप पुढे आला. युरोपीय संघाने 2013 पासून ही पत्रे स्वीकारणे बंद केले. म्हणून कारागिराला दिली जाणारी रक्कम त्याचे कष्ट भरून निघण्यापुरती हवी, नव्या गॅसच्या किमतीशी तिने कदापि स्पर्धा करू नये. जपानने निराळा मार्ग धरला आहे. तेथे 2001 पासून जुना फ्रीज वा एसी टाकून देताना ग्राहकच शुल्क भरतो; पण टाकताना पैसे मागितले की रात्री गुपचूप नेऊन टाकणारे निघतात, आणि हा उपद्रव जपानसारख्या शिस्तीच्या देशालाही चुकलेला नाही. पैसा शेवटी मागण्यापेक्षा आरंभी घ्यावा, या ऑस्ट्रेलियन शहाणपणाच्या बाजूने माझा कौल आहे.

आपल्याकडे कायद्याची चौकट अगदीच नाही असे नव्हे. 2022 च्या ई-कचरा नियमांनी फ्रीज-एसींची जबाबदारी निर्मात्यावर ठेवली आहे, 2019 च्या राष्ट्रीय शीतलन आराखड्याने एक लाख मेकॅनिकांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि आर-22 सारख्या वायूंची मुदत 2030 मध्ये संपावयाची आहे. परंतु कुर्ल्याच्या भंगारबाजारात जुन्या युनिटातली नळी कापणारा पोरगा तांब्याचा भाव पैशापर्यंत सांगू शकतो. नळीतल्या गॅसला त्याच्या लेखी भावच नाही, कारण तो कोणी दिलेलाच नाही. निर्माता, आयातदार, दुकानदार, मेकॅनिक, भंगारवाला आणि ग्राहक या साखळीत शेवटच्या हाताला काही मिळत नाही, तोवर वरच्या सर्वांची जबाबदारी कागदावरच राहणार. सरकारने नव्या गॅसवर किलोमागे अल्पसा आकार बसवून त्यातून परत आलेल्या गॅसचे दाम द्यावेत. आणि तोपर्यंत वाचकांनी एवढे तरी करावे: एसी काढण्यास आलेल्या मेकॅनिकला गॅस सोडू न देता लॉक करावयास सांगावे, त्यासाठी त्याने जास्तीचे पैसे मागितले तर घासाघीस न करता द्यावेत, आणि जुने युनिट दारावरच्या भंगारवाल्याला न घालता नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे पाठवून तेथे गॅसचे पुढे काय होते याची लेखी विचारणा करावी.