चहाच्या टेबलावरचे विज्ञान

उदगीरच्या मोंढ्यात सौदे सुरू होण्याआधी आसपासची चहाची हॉटेले भरून जातात. सोयाबीनचा भाव, पावसाचा अंदाज, कोणाला शुगर निघाली, कोणाला कुठल्या डॉक्टरांचा गुण आला, हे सगळे तिथे अर्ध्या चहावर बोलले जाते. गाव सीमेलगतचे. मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दखनीही कानावर पडते आणि एकच बातमी या साऱ्या भाषांतून फिरते. आजारी माणसाला आधी कुठे न्यायचे, दवाखान्यात की आणखी कुठे, हा निर्णय बऱ्याचदा याच बाकड्यावर होऊन गेलेला असतो. रुग्ण दवाखान्यात पोचतो तेव्हा डॉक्टरांना त्या निर्णयाचा फक्त परिणाम दिसतो.

लोक जिथे बसून बोलतात तिथेच विज्ञानानेही जाऊन बसावे, हा प्रयोग जगात पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. तो आपल्याकडच्या चहाच्या हॉटेलालाही पेलण्यासारखा आहे.

लीड्सपासून जुहूपर्यंत

या प्रयोगाचे मूळ पॅरिसमध्ये सापडते. १९९२ साली मार्क सोते या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने तिथल्या एका कॅफेत रविवारी सकाळी तत्त्वचर्चा सुरू केली. कोणीही यावे, कॉफी घ्यावी, प्रश्न मांडावा. ते पाहून इंग्लंडमधील लीड्स शहरात डंकन डॅलस या दूरचित्रवाणी निर्मात्याने १९९८ साली ‘कॅफे सायंटिफिक’ सुरू केले. जागा होती एक साधा वाइन बार. पद्धत अशी की शास्त्रज्ञाने साधारण वीस मिनिटे बोलायचे. पडदा नाही, चित्रफिती नाहीत, व्यासपीठही नाही. मग थोडी विश्रांती. लोक आपापले पेले भरून घेतात आणि शेजाऱ्याशी बोलतात. त्यानंतरचा तासभर फक्त प्रश्नांचा.

ती विश्रांती महत्त्वाची असते. भर सभेत उठून प्रश्न विचारायला माणूस लाजतो. तोच प्रश्न त्याने आधी शेजाऱ्याला विचारलेला असला आणि शेजारी ‘मलाही हेच वाटले’ म्हणाला, की धीर येतो.

ब्रिटनमध्ये त्या काळात अशा बैठकींची गरजही होती. ‘मॅड काऊ’ या गुरांच्या आजाराच्या साथीत गोमांस खाणे सुरक्षित आहे, असे सरकार वर्षानुवर्षे सांगत राहिले. १९९० साली तर कृषिमंत्र्यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीला बर्गर खाऊ घालण्याचा प्रयत्न केला. १९९६ साली त्याच सरकारला संसदेत सांगावे लागले की, माणसांत आढळलेल्या मेंदूच्या एका नव्या, जीवघेण्या आजाराचा संबंध या मांसाशी असण्याची शक्यता आहे. लोकांचा विश्वास उडाला. पुढे २००० साली हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने आपल्या अहवालात म्हटले की लोकांना नुसती माहिती देऊन भागणार नाही, त्यांच्याशी संवाद करावा लागेल.

२०१३ साली लंडन, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या शहरांत ‘पिंट ऑफ सायन्स’ हा महोत्सव सुरू झाला. मे महिन्यात सलग तीन संध्याकाळी शास्त्रज्ञ पबमध्ये जाऊन आपले संशोधन सांगतात. आज तो अनेक देशांत पसरला आहे. आपल्याकडेही मुंबई, पुणे, बेंगळुरूमध्ये अलीकडे पबमधली व्याख्याने होऊ लागली आहेत.

महाराष्ट्रात मात्र याआधीच चहाने बाजी मारली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २००९ साली ‘चाय अँड व्हाय’ हा उपक्रम सुरू केला. जुहूचे पृथ्वी थिएटर आणि माटुंग्याचे रुपारेल महाविद्यालय या त्याच्या ठरलेल्या जागा. रविवारची सकाळ, प्रवेश मोफत, हातात चहा. पुढ्यात कधी भौतिकशास्त्रज्ञ, कधी जीवशास्त्रज्ञ. श्रोत्यांत शाळकरी मुले असतात आणि त्यांचे आजोबाही. नाव हलकेफुलके असले तरी बोलणारे रोज प्रयोगशाळेत काम करणारे लोक असतात.

व्याख्यान ऐकणे महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा आरंभ १८७५ सालचा. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान सांगते आहे. लोकविज्ञान संघटना आणि अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी गावोगाव प्रयोग करून दाखवले. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा पृष्ठताण आणि दूध ओघळून जाणे म्हणजे काय, हे चमचा-वाटी घेऊन दाखवणारे कार्यकर्ते होते. उदगीरलाही ऐकण्याची हौस आहे. एप्रिल २०२२ मध्ये इथेच ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फरक इतकाच की व्याख्यानाला श्रोता सभागृहापर्यंत यावा लागतो, आणि ज्याला ती माहिती सर्वांत जास्त हवी असते तो बहुधा तिथे येत नाही.

वीस मिनिटांत काय सांगता येते?

हे किती मोलाचे ठरू शकते, त्यासाठी सर्पदंशाचे उदाहरण घेऊ. देशव्यापी मृत्यू अभ्यासाच्या आधारे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुसंख्य खेड्यांतली. याच अभ्यासाच्या आधीच्या टप्प्यात दिसले होते की सर्पदंशाने मेलेल्यांपैकी दवाखान्यात मरण आलेले जेमतेम २३ टक्के होते. उरलेले घरी, शेतात, वाटेत किंवा मांत्रिकाच्या दारात गेले.

प्रतिविष तर सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही प्रमुख विषारी सापांवर ते चालते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. औषध आहे, कायदाही आहे. तरीही पहिला तास देवस्थानाच्या पारावर जातो.

कारण हॉटेलातल्या बाकड्यावर एक बिनतोड युक्तिवाद ठरलेला असतो: ‘आमच्या चुलत्याला चावला होता, महाराजांनी उतरवला, आजही धडधाकट आहे.’ हा माणूस खोटे बोलत नसतो. आपल्या भागातल्या सापांच्या बहुतेक जाती बिनविषारी आहेत. विषारी सापही दरवेळी विष सोडतोच असे नाही. असे दंश झालेली माणसे काहीही केले तरी वाचतात आणि श्रेय मंत्राला जाते. जे दगावतात त्यांच्याबद्दल ‘आयुष्यच तेवढे होते’ असे म्हटले जाते. हा हिशेब भिंतीवरच्या पोस्टरने सुटत नाही. समोर बसून, चुलत्याची गोष्ट पूर्ण ऐकून घेऊन, मगच तो उलगडावा लागतो.

मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. कडुलिंबाचा पाला गोड लागला म्हणजे विष चढले, हे खरे का? नाही. विष चढले की नाही, हे चवीवरून ठरत नाही. घोणस चावल्यास रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते तपासायला दवाखान्यात रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही तर प्रतिविष लगेच सुरू करतात. मण्यारीचे वेगळेच. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. जागेवर सूज नाही, फारसे दुखतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. ‘काही चावल्याचे दिसत नाही’ म्हणून वाट पाहणे इथे जिवावर बेतते. दोरी करकचून बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. अंगठी, बांगड्या, पैंजण काढावेत, चावलेला हातपाय हाड मोडल्यासारखा आधार देऊन स्थिर ठेवावा आणि १०८ वर फोन करावा. हे सगळे सांगायला वीस मिनिटे पुरतात.

वेळेत पोचण्याचे मोल मराठवाड्यातूनच गेलेल्या एका डॉक्टरांच्या कामातही दिसते. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात विंचूदंशावर प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला. गंभीर विंचूदंशातले मृत्यूचे प्रमाण शंभरात तीस-चाळीसवरून एकापर्यंत खाली आले. गोळी स्वस्त आहे, पण ती जितकी लवकर पोटात जाईल तितका तिचा गुण.

उदगीरला काय जमेल?

पबची इथे गरज नाही. आरोग्याच्या गप्पा दारूच्या टेबलावर करणे तसेही विसंगत आहे. मोंढ्यातले हॉटेल, बसस्थानकाजवळचा चहाचा गाडा, बाजाराच्या दिवशीचा पार पुरे. बोलणारेही दूर शोधायला नकोत. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आहेत, पशुवैद्यकीय महाविद्यालयातले प्राध्यापक आहेत, शाळा-महाविद्यालयांतले विज्ञानाचे शिक्षक आणि अनुभवी सर्पमित्र आहेत. पिसाळलेले कुत्रे चावले तर माणसाचा डॉक्टर आणि जनावराचा डॉक्टर एकाच बाकड्यावर बसलेले बरे, कारण गाय चावली गेली तर दुधाचे काय, हा प्रश्न हमखास येतो. मोसमी पावसाआधी वीज पडण्यावर, उन्हाळ्यात बोअरच्या पाण्यावर, हिवाळ्यात रक्तदाबावर बोलता येईल. २०२२ साली निलंगा तालुक्यातल्या हासोरी परिसरात जमिनीतून आवाज येऊ लागले तेव्हा १९९३ च्या किल्लारीच्या आठवणीने लोक घराबाहेर झोपले. अशा वेळी भूगर्भशास्त्र जाणणारा माणूस पारावर बसला तर अफवांना थोडा तरी आळा बसतो.

चहाच्या हॉटेलाची एक मोठी उणीव मात्र लक्षात घ्यायला हवी. तिथे बायका बसत नाहीत. घरात आजाऱ्याची काळजी घेणारी, लेकराला ताप आला तर आधी जागी होणारी व्यक्ती बहुधा तीच असते. म्हणून हीच बैठक बचत गटात, अंगणवाडीत, हळदीकुंकवालाही व्हायला हवी आणि तिथे शक्यतो बोलणारी डॉक्टर, परिचारिका किंवा आशाताई असावी.

काही पथ्येही आहेत. मोफत व्याख्यानाच्या नावाखाली चुंबकाच्या गाद्या आणि चमत्कारी चूर्णे विकणाऱ्यांचा अनुभव गावोगाव आहे. त्यामुळे बैठकीत काहीही विकायचे नाही, कोणाचा नंबर घ्यायचा नाही, कोणाची फाइल तपासून औषध लिहून द्यायचे नाही. तपासणी दवाखान्यातच. बोलणे लोकांच्या बोलीत असावे. आणि उत्तर येत नसेल तर बोलणाऱ्याने ‘हे विचारून पुढच्या वेळी सांगतो’ असे म्हणावे, आणि पुढच्या वेळी आठवणीने सांगावे. लोक विश्वास ठेवतात तो यावरच.

एका बैठकीने मृत्यू कमी होतात, असा दावा कोणी करू नये. पण बाकड्यावरच्या दहा जणांपैकी एकाला जरी मण्यारीचे लक्षण लक्षात राहिले, तरी रात्री शेजारच्या घरी गडबड उडेल तेव्हा ‘आधी गाडी काढा’ म्हणणारा एक माणूस गल्लीत असेल. पेरणीच्या दिवसांत साप बाहेर पडू लागतात. पहिली बैठक मृगाच्या आधी झालेली बरी.