संकेतजनकातील दाबाच्या उसळ्या आणि श्रवणप्रयोग

स्वनविज्ञानाच्या प्रयोगशाळेत अॅनॅलॉग संकेतजनकाकडून अपेक्षा असते ती स्वच्छ, अखंड साइन तरंगाची. प्रत्यक्षात पुष्कळदा त्या तरंगावर मध्येच विद्युत्दाबाची अणकुचीदार उसळी दिसते व कानास ती ‘टक्’ अशी ऐकू येते. ही बाब तंत्रज्ञावर सोपवून मोकळे होण्यासारखी नव्हे. हॅस्किन्स प्रयोगशाळेतील लिबरमन, डेलात्र व कूपर यांनी १९५२ साली दाखवून दिले की, १४४० हर्ट्झच्या आसपास केंद्रित झालेला एकच क्षणिक स्फोट ‘इ’ व ‘उ’ या स्वरांपूर्वी श्रोत्यांस बहुधा ‘प’ वाटतो, तर ‘आ’पूर्वी ‘क’. व्यंजनाची ओळख इतक्या अल्प ध्वनीवर अवलंबून असेल, तर उपकरणाची उसळी श्रोत्याच्या उत्तरात शिरावयास वेळ लागत नाही. यंत्राचा दोष मग भाषिक निष्कर्ष म्हणून नोंदला जातो.

दोष शोधताना उसळीच्या उंचीपेक्षा तिची वेळ अधिक बोलकी असते. तत्पूर्वी ती खरोखर संकेतजनकातून येते काय, हे पाहिले पाहिजे. ऑसिलोस्कोपच्या प्रोबचे टोक त्याच्याच ग्राउंडच्या चिमट्याला जोडून दोन्ही संकेतजनकाच्या ग्राउंडला लावावीत. उसळी तरीही दिसत राहिली, तर ती मापनाच्या तारांनी बाहेरून गोळा केलेली आहे. असा दोष दुरुस्त करण्यासाठी चांगले यंत्र उघडून बसणारे लोक कमी नाहीत.

उसळी प्रत्येक आवर्तनात नेमकी तरंगाच्या शिखरावर येत असेल, तर कारण यंत्राच्या रचनेतच असते. एक्सआर-२२०६ किंवा आयसीएल-८०३८ यांसारख्या चिपांवर आधारलेल्या संकेतजनकात प्रथम एक कपॅसिटर भारित व विभारित होऊन त्रिकोणी तरंग निर्माण होतो. त्यालाच वळण देऊन साइन तरंग घडविला जातो. भारण थांबवून विभारण सुरू करणारा तुलनाकारी मंडलभाग शिखरापाशीच पालटतो आणि त्याच क्षणी चौकोनी तरंगाची कड उठते. ही कड पुरवठ्याच्या तारेतून अथवा शेजारच्या वाहकांतील धारितेतून साइन तरंगात झिरपते. कंप्रता बदलली तरी उसळी शिखर सोडत नाही, ही तिची खूण. एक्सआर-२२०६ मध्ये ११ क्रमांकाच्या टोकावरील चौकोनी तरंगाचा रोधक काढून पाहावा. उसळी खाली बसली, तर निदान झाले. पुरवठ्याच्या टोकाशी अगदी लगत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसविणे व चौकोनी तरंगाची तार दूर नेणे, हे त्यावरील उपाय. आयामाचे बटण उतरवूनही उसळी लहान होत नसेल, तर ती त्या बटणाच्या पुढे कोठेतरी शिरत आहे, असे समजावे.

दर १० मिलिसेकंदांनी येणारी उसळी ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याकडे बोट दाखविते. ऑसिलोस्कोपचा ट्रिगर ‘लाइन’वर ठेवताच ती पडद्यावर स्थिर उभी राहते. अनियमित उसळ्यांसाठी खोलीतील ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर आणि संकेतजनकाचे झिजलेले, धूळ बसलेले पोटेन्शिओमीटर तपासावे.

सर्वांत फसवी असते ती केवळ स्वर सुरू होताना व थांबताना ऐकू येणारी ‘टक्’. दाबाची स्थिर पातळी शून्यावर नसेल, तर स्विच लावताच उडी बसते. ती पातळी सुधारता येते. परंतु यंत्र सर्वस्वी निर्दोष असले तरी ‘टक्’ राहतेच, कारण एकाएकी सुरू केलेल्या १००० हर्ट्झच्या स्वराची ऊर्जा त्या क्षणी आजूबाजूच्या कंप्रतांवर पसरते. शून्य दाबाच्या क्षणी स्वर सुरू केल्याने ती कमी होते, नाहीशी होत नाही. तेथेही तरंगाचा उतार अकस्मात बदललेला असतो. म्हणून स्वराला ५ ते १० मिलिसेकंदांचा चढ व तेवढाच उतार द्यावा लागतो. मात्र स्फोटक व्यंजनाचेच अनुकरण करावयाचे असेल, तर हाच चढ त्या स्फोटास गिळून टाकतो. अशा वेळी स्फोट स्वतंत्रपणे निर्माण करून मग स्वराशी जोडावा, आणि चढाचा अवधी प्रयोगाच्या नोंदीत लिहून ठेवावा.