गिऱ्हाईक मोजा, ओळखू नका

लंडनच्या आर्थिक पेठेत २०१३ साली फुटपाथवरच्या १२ कचरापेट्या येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मोबाइल टिपत होत्या. पेट्यांवर जाहिरातींचे पडदे होते आणि आत वाय-फायचे संदेश ऐकणारी यंत्रं. बातमी फुटली आणि ऑगस्टमध्ये शहर प्रशासनाने हा प्रकार थांबवायला लावला. हेच तंत्र वापरणारी तळहाताएवढी डबी आता छोट्या दुकानदारालाही परवडते. ‘गिऱ्हाईक किती आलं ते कळेल,’ एवढंच त्याला सांगितलं जातं.

वाय-फाय चालू असलेला फोन ‘ओळखीचं नेटवर्क जवळ आहे का?’ अशी साद सतत घालतो. सोबत स्वतःचा ४८ बिटांचा मॅक पत्ताही पाठवतो. डबी तो टिपते. फोन तिला जोडलेला नसला तरी. नवे फोन या सादेत बनावट पत्ता देतात, हे चांगलंच झालं. पण दुकानाचं फुकट वाय-फाय जोडलं, की त्या नेटवर्कसाठी पत्ता बहुधा तोच राहतो. त्यात बिलासाठी मोबाइल नंबर घेतलेला असतोच. दोन्हींच्या वेळा जुळवल्या, की अनोळखी पत्त्याला माणूस चिकटतो: कधी आला, किती रेंगाळला, काय घेतलं.

‘पत्ता सांकेतिक रूपात साठवतो, काळजी नको,’ असं विक्रेते सांगतात. मला हे पटत नाही. त्याच पत्त्याचा संकेत दर वेळी तोच निघत असेल, तर तो संकेत म्हणजे त्या फोनचं दुसरं नावच. अमेरिकेत दुकानांसाठी असेच फोन टिपणाऱ्या नोमी या कंपनीवर २०१५ मध्ये संघीय व्यापार आयोगाने कारवाई केली. ‘दुकानातच नकार देता येईल’ हे तिचं आश्वासन खोटं ठरलं होतं.

आपल्याकडे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार, माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, जबाबदारी त्याची. काम बाहेरच्या कंपनीला दिलं तरी. माहिती सुरक्षित न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात.

नुसती गर्दी मोजायला दारावरचा अवरक्त किरण पुरतो. किरण तुटला, एक आकडा वाढला. कोण आलं हे त्याला कळतच नाही. दुकानदारांनो, डबी घेण्याआधी विक्रेत्याला विचारा: ती नक्की काय साठवते, कुठे आणि किती दिवस? उत्तर लेखी मिळालं नाही, तर ती घेऊ नका.