पावसात गढूळ होणारी विहीर



मागच्या पावसाळ्यात ओढ्याकाठच्या एका पाड्यावर गेले, तेव्हा विहिरीचे पाणी चहासारखे झाले होते. टीसीएल पावडर पडत होती, तरी घरोघरी मुलांना जुलाब लागले होते. “पावडर थोडी वाढवा,” एवढेच सांगून मी परतले. तो सल्ला अपुरा होता, हे नंतर समजले. तेच आज आपल्यापुढे मांडते.

जमिनीत हळूहळू मुरणारे पाणी माती-वाळूच्या थरांतून गाळले जाते. पण विहीर उथळ असेल, खडकाला भेगा असतील किंवा ओढा लगत असेल, तर वरचे पाणी न गाळताच आत शिरते. सोबत शेण आणि मैलाही येतो. पाऊस पडताच विहीर गढूळ होणे ही त्याची खूण. अशा विहिरीचे पाणी ओढ्याचेच समजावे.

कॅनडातील वॉकर्टन गावात मे २००० मध्ये असेच घडले. मुसळधार पावसानंतर शेणातील जंतू गावाच्या एका उथळ विहिरीत उतरले. क्लोरीन पुरेसे नव्हते. ७ माणसे दगावली आणि सुमारे २,३०० आजारी पडली.

गढूळ पाण्यात क्लोरीन घाणीवरच खर्ची पडते. शिवाय क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी क्लोरीनच्या नेहमीच्या मात्रेने मरत नाही. म्हणून अशा पाण्यावर आता तीन टप्प्यांत प्रक्रिया करतात.

पहिला टप्पा गाळण्याचा. संथ वाळू-गाळणीत वाळूवर सूक्ष्मजीवांचा थर धरतो आणि तोच रोगजंतू अडवतो. तिला विजेची गरज नसते. मात्र फार गढूळ पाणी आधी निवळू द्यावे, नाहीतर वाळू तुंबते. दुसरा टप्पा अतिनील किरणांच्या दिव्याचा. तो क्रिप्टोस्पोरिडियमलाही निष्प्रभ करतो, पण त्याला स्वच्छ गाळलेले पाणी लागते. शेवटी क्लोरीन. दिव्याचा परिणाम पुढे टिकत नाही, म्हणून टाकीपासून नळापर्यंत पाण्याची राखण क्लोरीनच करते.

हे सारे उभे राहीपर्यंत विहिरीला कठडा बांधावा, वरचे पाणी चर खणून दूर वळवावे आणि पिण्याचे पाणी गाळून, खळखळून निदान एक मिनिट उकळावे. सरपण गोळा करणाऱ्या आईला हे उकळणे किती महाग पडते, ते मी पाहिले आहे. म्हणून गाळणीची गरज आहे.

यंदा पाड्यावर याल, तेव्हा पहिल्या पावसानंतर विहिरीत अवश्य डोकावून पाहा.